टू-स्ट्रोक डर्ट बाइकच्या पेट्रोलमध्ये ऑइल नेमकं किती टाकायचं?

आधी मॅन्युअल बघा. यामाहा वायझेड१२५ असेल तर कंपनी ३०:१ (३० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) सांगते, म्हणजे लिटरला ३३ मिली. ४०:१ ला २५ मिली, ५०:१ ला २० मिली. मापाचा कप घ्या. बाटलीच्या झाकणाने अंदाजे ओतणं बंद करा.

'थोडं जास्त ऑइल घातलं की इंजिन सेफ' हे अर्धसत्य आहे. ऑइल वाढलं की जेटमधून (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिश्रण उलट लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी). म्हणून प्रमाण बदललं तर जेटिंगही (जेटचं माप) तपासायला हवं, आणि स्पार्क प्लगचा रंग बघायला हवा. एक प्रमाण ठरवून त्यालाच चिकटून राहिलेलं बरं.

ऑइल जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा) ग्रेडचं घ्या. टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं बोटीच्या इंजिनासाठी असतं, ते नको. चारचाकीचं इंजिन ऑइल तर अजिबातच नाही!

आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. त्यामुळे एका राइडपुरतंच मिसळा, महिनाभर कॅनमध्ये ठेवू नका.

आणि हो, यामाहा आरएक्स१००चा ऑइल पंप (तो ऑइल आपोआप मिसळतो) चालू असेल तर टाकीत काहीच मिसळायचं नाही.