हिरड्यांतून रक्त येतं तिथे ब्रश करणं थांबवावं का?

तुम्ही लिहिलंय की खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने रक्त येतं, म्हणून तिथे ब्रश लावणं सोडलंय आणि बोटाने मीठ चोळताय. मीठ चोळणं बंद करा आणि ब्रश पुन्हा सुरू करा, पण मऊ. रक्त बहुतेक वेळा हिरडीच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या चिकट थरामुळे येतं. ब्रश चुकवला की थर वाढतो, सूज वाढते, रक्तही वाढतं.

नेमक्या त्याच जागी हे का होतं, तर लाळेच्या ग्रंथींची तोंडं जिभेखाली, त्या दातांच्या अगदी जवळ उघडतात. लाळेतले क्षार थरात बसतात आणि त्याचं पिवळट, खरखरीत कीटण होतं. एकदा कीटण धरलं की घरी कशानेही निघत नाही. टाचणीने खरवडू नका, दंतवैद्याकडून काढून घ्या. सफाईने दात हलायला लागतात ही भीती खोटी आहे. हाड आधीच झिजलेलं असेल तर कीटणामुळे हलणं जाणवत नाही, ते निघाल्यावर कळतं इतकंच.

ब्रश पेनासारखा हलक्या हाताने धरा. केस हिरडीच्या रेषेवर ४५ अंशांत टेकवा, थोडे दातावर, थोडे हिरडीच्या कडेखाली. जागच्या जागी बारीक हलवा, दोन दोन दात घेत पुढे जा. पुढच्या दातांच्या आतून ब्रश उभा धरावा लागतो, आडवा तिथे पोचतच नाही. एका वेळी दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. रात्रीचं कधीच चुकवू नका. महिनाभरात ब्रशचे केस पसरत असतील तर तुम्ही जोर जास्त लावताय.

दातांमधल्या फटीत ब्रश जात नाही. तिथे रोज एकदा फ्लॉस, म्हणजे फटीत घालायचा बारीक धागा, दाताला लपेटून हिरडीच्या कडेखाली हळूच सरकवा. करवतीसारखा ओढलात तर हिरडी कापेल. फट मोठी असेल तर फटीत घालायचे छोटे ब्रश जास्त चांगले. सुरुवातीला रक्त दिसेल, तरी चालू ठेवा. कीटण नसेल तर एक-दोन आठवड्यांत कमी व्हायला लागतं.

क्लोरहेक्सिडीनचं औषधी माउथवॉश मनाने महिनोन्‌महिने वापरू नका, दातांवर तपकिरी डाग पडतात. मशेरी लावत असाल तर सोडाच. तंबाखूमुळे हिरडीतलं रक्त कमी दिसतं, आतलं हाड मात्र झिजत राहतं, म्हणून मशेरी लावणाऱ्यांना उशिरा कळतं.

मधुमेह असेल तर साखर तपासा. साखर आटोक्यात नसली की हिरड्या लवकर बऱ्या होत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, दंतवैद्याला सांगा. पू येत असेल, दात हलत असेल किंवा ब्रश न लावताही रक्त येत असेल तर दोन आठवडे वाट पाहू नका, याच आठवड्यात दाखवा.