साडेपाच लाखांत सात माणसांची जुनी गाडी : इनोव्हा, एर्टिगा की ट्रायबर?

आपला प्रश्न दोनदा वाचला. घरात आपण उभयता, दोन मुले, आई-वडील आणि वरचेवर राहायला येणाऱ्या आत्या अशी सात माणसे आहेत. महिन्याची धाव साधारण ७०० किलोमीटर असून तीतली बरीचशी कोल्हापूर शहरातच होते. महिन्यातून एकदा गगनबावड्याकडच्या गावी आणि वर्षातून दोनदा घाट उतरून कोकणात जाणे असते. आईंचे गुडघे दुखतात, आणि काहीही झाले तरी एकूण खर्च साडेपाच लाखांच्या वर न्यायचा नाही. आपल्यासमोर २०१३ ची डिझेल इनोव्हा, २०१६ ची पेट्रोल एर्टिगा आणि २०२० ची ट्रायबर अशा तीन गाड्या आहेत. माझा कल एर्टिगाकडे आहे. मात्र हीच एर्टिगा घ्यावी की दुसरी शोधावी, हे ती गाडी हाताळल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही, आणि कोणी सांगितले तरी त्यावर आपण विसंबू नये.

आपण तिन्ही गाड्यांपुढे ‘सात सीटर’ असे लिहिले आहे. सातवे आसन सगळ्यांतच असते, परंतु त्यावर कोण बसणार आणि किती वेळ बसणार, यावर सारे अवलंबून असते. आपल्या घरचा हिशेब मांडून पाहावा. पुढे आपण आणि वडील. मधल्या रांगेत आई, आत्या आणि आपल्या सौभाग्यवती. मागे दोन मुले. म्हणजे तिसरी रांग आज मुलांची आहे. आपण मुलांची वये ८ आणि १२ लिहिली आहेत. गाडी पाच-सहा वर्षे ठेवायची असेल, तर थोरला त्या काळात आपल्याएवढा उंच झालेला असेल. म्हणून तिसऱ्या रांगेची परीक्षा आजच्या मुलाला बसवून करू नये, स्वतः बसून करावी, आणि तीही मधले आसन आईंना पाय सैल सोडता येतील इतके मागे सरकवून. डीलर नेहमी मधली रांग पुढे ओढून ठेवतो आणि मग मागची जागा दाखवतो. ही युक्ती इतकी सर्रास चालते की आता तिचे कोणाला काही वाटतही नाही.

या परीक्षेत इनोव्हा निर्विवाद पहिली येते. तिच्या तिसऱ्या रांगेत मोठा माणूस पुण्यापर्यंत कुरकुर न करता बसतो आणि त्यामागे पिशव्याही राहतात. एर्टिगाच्या तिसऱ्या रांगेत मध्यम उंचीच्या माणसाला दीड-दोन तास चालतात, त्यापुढे गुडघे वर आल्यामुळे मांड्या अवघडतात. ट्रायबरमध्ये तिसरी रांग मुलांचीच आहे. चार मीटरच्या आत सात आसने बसवण्याचे कौशल्य वाखाणण्याजोगे आहे आणि ती आसने काढून ठेवली की ६२५ लिटरची डिकी मिळते, पण आसने लावली की तीच डिकी ८४ लिटरवर येते. जुन्या एर्टिगाची डिकीही सातजण बसल्यावर १३५ लिटरच उरते, म्हणजे दोन मध्यम पिशव्या आणि फार तर डब्यांची एक पिशवी. कोकणातून येताना आंब्याच्या पेट्या आणायच्या असतील, तर तिन्हींपैकी कोणतीही गाडी असली तरी टपावर कॅरियर लागणारच, हे आताच गृहीत धरावे.

मग इनोव्हा का नको, असे आपण विचाराल. आईंना ती चढायला उंच पडेल, हे पहिले कारण. ती शिडीसारख्या चासीवर बांधलेली असल्याने तळ वर आहे, आणि दुखऱ्या गुडघ्याला ती चार बोटांची जास्तीची उंची रोज जाणवते. पायरी बसवून घेता येते, परंतु आपला एकूण आकडा आधीच ताणलेला आहे. दुसरे कारण इंधनाचे. वर्षाला ८,४०० किलोमीटर धरून, शहरात इनोव्हा लिटरला ११ आणि पेट्रोल एर्टिगा १४ देते असे मानले, आणि डिझेल ९० व पेट्रोल १०४ रुपये लावले, तर इनोव्हाला वर्षाला सुमारे ६८,७०० आणि एर्टिगाला ६२,४०० रुपये लागतात. डिझेल स्वस्त म्हणून मोठी गाडी परवडते, हा समज इतक्या कमी वापरात टिकत नाही. तिसरे कारण वयाचे. २०१३ च्या गाडीची नोंदणीची १५ वर्षे २०२८ मध्ये पूर्ण होतील. नंतर पुन्हा तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. त्याशिवाय त्या २.५ लिटर इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे आतल्या भागांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा आहे, तो ठरल्या अंतरावर बदलावा लागतो, आणि बदलल्याची पावती मालकाकडे नसेल तर बदललाच नाही असे धरून चालावे. मीटरवर १ लाख १० हजारच दिसते म्हणून हुरळून जाऊ नये. २०१३ ची इनोव्हा एवढीच चालली असेल, तर एक तर ती खरोखर एखाद्या घरंदाज माणसाने जपलेली आहे किंवा मीटर मागे फिरवलेला आहे; दुसरी शक्यता पुष्कळ अधिक आहे. दिल्लीकडे १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंधने आल्यापासून तिकडच्या इनोव्हा आपल्या बाजारात दिसू लागल्या आहेत, तेव्हा पासिंग मूळचे कुठले आहे हेही आरसीवरून, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरून पाहावे.

ट्रायबर शहरासाठी उत्तम आहे. मंगळवार पेठेतल्या बोळात वळवायला आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळाच्या आसपास कुठेतरी कोपऱ्यात लावायला तिच्यासारखी सोयीची गाडी नाही. परंतु तिचे इंजिन ९९९ सीसीचे, तीन सिलिंडरचे, ७२ अश्वशक्तीच्या आसपासचे आहे. सात माणसे, सामान आणि एसी घेऊन गगनबावड्याचा घाट चढताना वारंवार दुसऱ्या गिअरवर यावे लागेल. चारच माणसांचे घर असते आणि पाहुणे कधीमधी येत असते, तर मी डोळे मिटून तीच सुचवली असती. लॉजी, मोबिलिओ, झायलो यांची नावेही आपल्याला कोणीतरी सुचवील. लॉजीतली जागा खरोखर ऐसपैस आहे, पण या तिन्ही गाड्यांचे उत्पादन बंद झालेले आहे आणि बंपर, दिवा, दाराचे कुलूप अशा सुट्या भागांसाठी थांबावे लागते. घरात दुसरे वाहन नसेल, तर त्या वाटेला जाऊ नये.

आता एर्टिगाकडे येतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिचे रूप बदलले, तेव्हा तिसऱ्या रांगेची पाठ दोन भागांत दुमडू लागली. आपली गाडी २०१६ ची असल्याने ही सोय मिळेल, म्हणजे एक मूल मागे बसून शेजारी सामान ठेवता येईल. मागच्या रांगांसाठी छतातला एसी आहे का, ते प्रत्यक्ष पाहावे, कारण सर्वांत खालच्या श्रेणीत तो नसतो आणि मे महिन्यात त्यावाचून मागे बसणे ही शिक्षा आहे. एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) हेही तपासावेत. एबीएस सर्व गाड्यांना सक्तीचे झाले ते एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून. त्यामुळे २०१६ च्या गाडीत ते असतीलच असे नाही. नसतील तर दुसरी एर्टिगा शोधावी, याबाबत मी तडजोड सुचवणार नाही. सीएनजीची गाडी मिळाली तर मोह होईल, परंतु टाकी तिसऱ्या रांगेमागे बसते आणि आधीच तुटपुंजी असलेली डिकी संपते. घेतलीच तर किटची नोंद आरसीवर आहे का आणि टाकीची तीन वर्षांची दाबचाचणी झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

यापुढचा भाग मी स्वतः फसून शिकलो आहे, म्हणून थोडा लांबवतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्याजवळच्या ४३ फुटांच्या धोका पातळीवरून चढत ५५ फुटांच्याही पुढे गेले. त्या दिवसांत शहरात आणि आसपासच्या गावांत किती गाड्या बुडाल्या, हे आपण पाहिलेच आहे. त्यांतल्या काही भंगारात गेल्या आणि काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. २०२० च्या हिवाळ्यात मी अशीच एक सात आसनी गाडी घेतली. रंग उत्तम, आतले कापड नवे, गाडीत सुगंधी डबी लावलेली. पुढच्या जून महिन्यात काचा आपोआप खाली येऊ लागल्या, मग मीटरमधले दिवे लागायचे आणि विझायचे. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी चालकाचे आसन सोडवून खालचा गालिचा उचलला, तेव्हा त्याखाली वाळलेल्या गाळाचा पातळ थर होता, आणि त्या गाळात उसाच्या पाचटाचा एक तुकडा चिकटलेला होता. वायरिंग आणि एक कंट्रोल युनिट मिळून माझे ४० हजारांच्या वर गेले. विकणाऱ्याने फोन उचलणे सोडून दिले.

तेव्हापासून मी गाडी पाहायला गेलो की बोनेट उघडण्याआधी सर्वांत मागच्या आसनाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढतो. गाडी धुणारा माणूस बाहेर दिसणारा पट्टा धुतो, गुंडाळीच्या आत राहिलेला हातभर पट्टा कोणी धूत नाही. पाणी तिथवर आले असेल तर त्यावर तपकिरी डागाची आडवी रेघ राहते. त्यानंतर आसनांखालच्या सरकत्या पट्ट्यांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्याचा तळ, आणि डॅशबोर्डच्या खाली हात घालून दिसणारे जोडपिनांवरचे हिरवट किटण पाहावे. गाडीला नको इतका सुवास येत असेल, तर काचा वर करून दहा मिनिटे उन्हात उभी ठेवावी आणि मग दार उघडून वास घ्यावा. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा पूर्वेतिहास मिळाला, तर त्यात २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यानंतरच्या नोंदी आवर्जून वाचाव्यात. मीटर फिरवलेला असेल तर तेही तिथेच उघड होते.

हे सर्व समाधानकारक वाटले तरच गाडी चालवून पाहावी, आणि त्यासाठी एकट्याने जाऊ नये. एखाद्या रविवारी सकाळी घरातल्या सातहीजणांना घेऊन, मालकाच्या परवानगीने, केर्लीवरून जोतिबाला जाऊन यावे. चढावर एसी चालू ठेवावा, तापमानाचा काटा कुठे थांबतो ते पाहावे, आणि मधेच थांबून चढावरच गाडी पुन्हा उचलावी. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र त्या मानाने पुढे सरकत नाही. सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीत हा दोष झाकून राहतो. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते का ते पाहावे. वर पोहोचल्यावर इंजिन चालू असताना तेल भरण्याचे झाकण सैल करून तिथून धूर जोराने येतो का, ते मिस्त्रींकडून तपासून घ्यावे. याच फेरीत आईंना चढता-उतरताना काय वाटते आणि मागे बसलेल्या मुलांना मळमळते का, हेही कळेल. मालक अशा फेरीला तयार नसेल, तर तिथेच नमस्कार करून निघावे.

पैशांबाबत एक विनंती आहे. साडेपाच लाख ही गाडीची किंमत समजू नये. किंमत पाच लाखांच्या आत बसवावी आणि ५० हजार बाजूला ठेवावेत. टायरच्या कडेवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर सहा वर्षांपूर्वीचे असले तर ते नवे घ्यावे लागणार, आणि तो खर्च भाव करताना मांडता येतो. त्यात बॅटरी, सस्पेन्शनचे बुश, विमा आणि नाव बदलण्याचा खर्च धरला की ५० हजार कधी संपतात ते कळत नाही. विम्यावरची नो क्लेम, म्हणजे दावा न केल्याबद्दलची, सवलत जुन्या मालकाची असते, ती गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे डीलरने सांगितलेला विम्याचा आकडा खरा धरू नये.

कागदपत्रांचे काम सोपे आहे, फक्त टाळाटाळ करू नये. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे ना हरकत पत्र हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या स्वतःच्या समोर घ्याव्यात. गाडीवरचे ई-चलन आधी भरून घ्यावे, आणि एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्याने उच्च सुरक्षा नंबर पाट्या (एचएसआरपी) बसवल्या आहेत का, तेही पाहावे. एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूरचीच गाडी मिळाली तर एका फेरीत काम होते. बेळगावकडची, म्हणजे केए-२२ ची गाडी ५० हजारांनी स्वस्त दिसली तरी तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत पत्र) आणि महाराष्ट्राचा कर धरल्यावर तो फरक बहुधा उरत नाही. नाव लवकर चढवण्याचा आग्रह जुन्या मालकानेही धरायला हवा, कारण नोंदणीवर ज्याचे नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेले आहे. हे सांगितले की चालढकल करणारे मालकही दुसऱ्या दिवशी आरटीओत हजर होतात, असा माझा अनुभव आहे.

एर्टिगाचे मालक शहरातलेच आहेत असे आपण लिहिले आहे. भाव ठरवण्याआधी त्यांना फोन करून एवढेच विचारावे की दोन्ही पुरांच्या वेळी ही गाडी नेमकी कुठे उभी होती, आणि मग मागचा पट्टा ओढून पाहायला जावे.