बिनपानांचं हिरवं काटेरी झुडूप: नेपती की वेडी बाभूळ?

येवल्याकडच्या माळावर भर उन्हाळ्यात एकही पान नसलेलं, पण फांद्या हिरव्यागार असलेलं काटेरी झुडूप दिसलं. ते कोणतं, जगतं कसं आणि सिन्नरच्या बांधावर लावता येईल का, असं तुम्ही विचारलंय. फुलं विटकरी लाल होती म्हणता, म्हणजे ही नेपती. राजस्थानात हिलाच केर म्हणतात.

फुलं नसली की वेडी बाभूळ फसवते, कारण तिचीही साल हिरवीच. तेव्हा काटे बघा. नेपतीच्या प्रत्येक पेरापाशी आखूड काट्यांची जोडी असते. ते काटे म्हणजे मुळात उपपर्णं, पानाच्या बुडाशी येणारे छोटे पानासारखे भाग. वेड्या बाभळीचा मधला मोठा काटा पानाच्या दांड्याचा बनलेला असतो आणि तिथूनच गवताच्या पात्यासारख्या लांब, चपट्या पट्ट्या लोंबतात. फुलं पिवळी. ही बाभूळ मूळची अमेरिकेतली. आणि फांदी मोडल्यावर चीक आला तर ते शेर नावाचं तिसरंच झुडूप. चिकाचा हात डोळ्यांना लावू नका.

नेपतीला पानं येतात, पण फक्त कोवळ्या फुटव्यांवर. बारीक, सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची, आणि लवकरच गळतात. पुढे अन्न तयार करायचं काम सालीतलं हरितद्रव्य करतं. हवेची देवाणघेवाण करणारी रंध्रंही फांदीवरच, खोलगट जागी दडलेली, त्यामुळे वाफ कमी जाते.

फूल हातात घेऊन बघाच. पुंकेसरांच्या झुबक्यातून एक लांब दांडी बाहेर येते, टोकाला किंजपुट, म्हणजे ज्याचं पुढे फळ होतं तो भाग. फळ त्याच दांडीवर धरतं. आषाढी द्वादशीला भाजी करतो ती वाघाटी हिचीच सख्खी बहीण, तिच्यातही हीच रचना.

लावायची तर पिकलेलं लाल फळ घ्या, गर धुऊन बी लगेच पेरा. साठवलेल्या बियांची उगवण झपाट्याने घटते. दोन भाग वाळू, एक भाग माती, आणि पिशवी लांब घ्या, कारण मूळ सरळ खाली धावतं. रोपं मरतात ती बहुधा जास्त पाण्याने. काळ्या, पाणी साचणाऱ्या जमिनीत नको. मुरमाड उतार उत्तम. माळावरचं मोठं झुडूप उपटून आणू नका, खोल मूळ तुटतं आणि ते जगत नाही.

नांगराच्या तासाला, म्हणजे सरीला, खेटून लावू नका हेही सांगतो. मूळ दुखावलं की तिथून नवे फुटवे येतात आणि बांधावरची नेपती वावरात शिरते.