पीआरपी राहू द्या, आधी शुगर तपासा

तुम्ही विचारलंय, "वय ४१, ताठरता टिकत नाही, क्लिनिकवाले पीआरपीच्या तीन इंजेक्शनांचं पॅकेज घ्या म्हणतात. गुण येतो का?" त्यांनी तुमची शुगर तपासली का? प्रश्नात त्याचा उल्लेखच नाही, म्हणून लिहायला बसले.

मी बडोद्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की तांबड्या पेशी खाली बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. त्यातला प्लेटलेट्सचा (रक्त गोठवणाऱ्या कणांचा) दाट भाग काढून परत लिंगात टोचायचा, ते पीआरपी. आमच्या ह्यांनी ते मला न सांगता करून घेतलं. कोपराच्या वळणावर निळी खूण दिसली. मी रोज लोकांच्या शिरा शोधते, ती खूण सुईची आहे हे मला कुणी सांगायला नको. रक्त कुठे दिलं एवढंच विचारलं आणि मग सगळं बाहेर आलं. पत्ता धाकट्या दिरांनी दिला होता. मी बोलायला गेले तर म्हणाले, "वहिनी, पुरुषांच्या गोष्टीत तुम्ही पडू नका."

का पडू नको? हे रात्री दोन-तीनदा लघवीला उठत होते, ते मीच पाहत होते ना! दुसऱ्या दिवशी सकाळी घरीच रक्त काढलं. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ९.४ आला. ६.५ पासून मधुमेह धरतात. हजारो रुपये घेणाऱ्या त्या क्लिनिकने ही साधी तपासणी सांगितली नव्हती. शुगर नसा आणि बारीक रक्तवाहिन्या खराब करते. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. त्यामुळे पुष्कळदा त्रास आधी इथे दिसतो आणि हृदयाचं दुखणं काही वर्षांनी समोर येतं. शुगर आटोक्यात आली, युरॉलॉजिस्टने ताठरतेची नेहमीची गोळी दिली, आणि ह्यांना चांगला फरक पडला.

दिरांचं पालुपद एकच, "माझ्या मित्राला गुण आला." येईलही. मायामीत ६१ पुरुषांवर चाचणी झाली, २०२३ मध्ये छापून आली. काहींना पीआरपी, काहींना नुसतं सलाईन टोचलं. महिन्याभराने दोन्ही गटांत निम्म्याहून जास्त लोकांना बरं वाटलं, फरक नगण्य. ग्रीसमधल्या ६० जणांच्या चाचणीत पीआरपी सरस ठरलं होतं, हेही खरं. पण अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने त्याला प्रायोगिकच म्हटलंय, आणि प्रायोगिक उपचाराचं पॅकेज विकणं मला मान्य नाही.

मी डॉक्टर नाही. तुमचं कारण ताण, बीपी किंवा एखादं औषधही असू शकतं. छातीत दुखण्यासाठी नायट्रेट चालू असेल तर सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) अजिबात घेऊ नका, बीपी धोकादायक खाली जातं.

सासऱ्यांना मधुमेह होता, म्हणजे दोन्ही भावांनी दरवर्षी तपासायला हवं. भाऊजींनी अजून तपासलेलं नाही. उपाशीपोटी राहा, मी घरी येऊन रक्त काढते, असं त्यांना परवाही सांगितलं.