वाचक विचारतात : खरा खलनायक कोणता?

प्रश्न : 'मिशन इम्पॉसिबल' चित्रपटांमधला सर्वांत भेदक खलनायक सोलोमन लेनच ना? – एक वाचक, निपाणी

उत्तर : माझं मत ओवेन डेव्हियनला. २००६चा तिसरा भाग उघडतो तोच दहापर्यंतच्या मोजणीवर : ज्युलियावर रोखलेलं पिस्तूल, समोर जखडलेला तिचा नवरा, नायक ईथन. जग बुडेल ही भीती तिथं नाहीच. बायको जाईल ही आहे. डेव्हियन साकारणाऱ्या फिलिप सेमूर हॉफमननं ती मोजणी अंगावर आणली.

याच मालिकेतला आणखी एक खलनायक वॉकर दांडगा, पण काळीज हलत नाही. लेनचं बळ मला 'फॉलआउट' या भागात (२०१८) जाणवलं. त्याचे अणुबॉम्ब सियाचिनपाशी, आणि तिथल्याच वैद्यकीय छावणीत ज्युलिया! आमच्या बेळगावच्या गल्लीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. सियाचिनचं नाव निघालं की काकूंचा भाकरी थापणारा हात अजून थांबतो. तो शेवट बघताना मला काकूच दिसत होत्या.