ईम: नावातला ‘म’ आणि गावाची शीव

प्रश्न असा आला आहे: प्लेगच्या साथीत आपणहून ‘वेशी बंद करून’ राहिलेल्या इंग्लंडमधल्या गावाचं नाव मराठीत ‘एयम’ लिहावं की ‘ईम’? आणि त्याचा अर्थ ‘बेट’ आहे म्हणतात, तो तेव्हा गाव जगापासून तुटलं म्हणून का?

‘ईम’ लिहा. इंग्रजीत ई-वाय-ए-एम अशी चार अक्षरं दिसतात, पण ते गाव ज्या डर्बीशर परगण्यात आहे, तिथले लोक ते ‘टीम’शी यमक जुळेल असंच म्हणतात.

प्लेगचा आणि नावाचा काही संबंध नाही. साथ १६६५-६६ची, आणि गावाची नोंद १०८६च्या ‘डूम्सडे बुक’ या जमिनींच्या सरकारी नोंदवहीतली. जुन्या इंग्रजीत ‘एग’ म्हणजे बेट. पण ते समुद्रातलंच असायला हवं असं नाही. दोन ओढ्यांच्या बेचक्यातली उंच, कोरडी जमीनही ‘एग’च. गोदावरीकाठी कोपरगावचं ‘बेट’ आहे ना, तसंच. ‘आयलंड’मध्येही हाच शब्द दडलाय. त्यातला ‘एस’ मात्र मूळचा नव्हे. लॅटिन ‘इन्सुला’वरून आलेल्या ‘आइल’च्या नादाने तो मागाहून घुसला, म्हणून तो उच्चारातही नाही.

खरी गंमत शेवटच्या ‘म’मध्ये आहे. ‘-उम’ हा अनेकवचनी विभक्तिप्रत्यय. ‘एगुम’ म्हणजे ‘बेटांवर’. आपण ‘घरी’, ‘गावी’ म्हणतो, तसं स्थळ दाखवणारं रूपच गावाचं नाव होऊन बसलं. पुढे इंग्रजीतून असे प्रत्यय झडून गेले, पण गावांच्या नावांत चिकटून राहिले. यॉर्कजवळचं ‘एकम’ असंच: ‘ओकच्या झाडांपाशी’. तेव्हा हा ‘म’ बर्मिंगहॅममधल्या ‘हॅम’चा, म्हणजे वस्तीचा, समजू नये.

आता तुमच्या ‘वेशी’बद्दल. वेस म्हणजे गावाच्या तटाचा दरवाजा. ईमला तट नव्हता. लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातून रोग शिरला, आणि १६६६च्या उन्हाळ्यात तो भडकल्यावर विल्यम मॉम्पेसन आणि थॉमस स्टॅन्ली या दोन धर्मगुरूंच्या सांगण्यावरून लोकांनी ठरवलं की हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्या हद्दीला मराठीत नेमका शब्द ‘शीव’. शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या बाजूला त्या शिवेवरचा दगड अजून आहे. त्याला सहा भोकं पाडलेली आहेत. नाण्यांतून रोग पसरू नये म्हणून ईमची माणसं त्यांत व्हिनेगर ओतून नाणी टाकत. मग शेजारगावचे लोक येत, नाणी उचलत आणि खाण्याचे जिन्नस तिथेच ठेवून परत फिरत.