पशुवैद्यकाला विचारा : कीटण, हाडं आणि घोड्याच्या दाढा

प्रश्न : आमच्या पाच वर्षांच्या पॉमेरेनियनच्या तोंडाला घाण वास येतो, दाढांवर तपकिरी थर आहे. डॉक्टर भूल देऊन दात साफ करू म्हणतात. घरी ब्रश करून भागणार नाही का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. दातांवर रोज साचणारा मऊ थर ब्रशने निघतो, पण दोन-तीन दिवसांतच लाळेतल्या क्षारांमुळे तो घट्ट व्हायला लागतो. त्याचं कीटण, म्हणजे दगडासारखा कडक थर, झालं की ते यंत्रानेच काढावं लागतं. भूल न देता खरवडलं तर दात पांढरे दिसतात, रोग मात्र हिरडीखाली तसाच राहतो, कारण जागा असलेला कुत्रा तिथे हत्यार लावू देत नाही. आधी रक्त तपासून भूल द्यायला सांगा आणि दातांचा एक्स-रेही काढून घ्या. छोट्या जातींत दुधाचे सुळे बरेचदा पडत नाहीत. एका जागी दोन सुळे दिसले तर दुधाचा त्याच वेळी काढून टाका, त्या फटीत अन्न अडकतं.

तोंड बरं झालं की रोज ब्रश. पेस्ट कुत्र्यांचीच, वाटाण्याएवढी. कुत्रा चूळ भरत नाही, सगळं गिळतो. माणसांच्या पेस्टमधलं फ्लोराइड त्याला बाधतं आणि काहींत गोडीसाठी घातलेलं झायलिटॉल तर विषच आहे. पहिले काही दिवस बोटावर पेस्ट चाटू द्या, मग बोट हिरडीवर फिरवा, ब्रश त्यानंतर. तोंड उघडायची गरज नाही. ओठ उचला, ब्रश हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवा आणि बाहेरची बाजू घासा. आतली बाजू जीभ बरीच साफ ठेवते. सुरुवात वरच्या जबड्यातल्या मागच्या सर्वांत मोठ्या दाढेपासून करा. लाळेची नळी तिथेच उघडते, म्हणून कीटण आधी तिथे धरतं.

प्रश्न : मटणाची हाडं चघळून दात साफ होतात ना? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : थोडे होतात, पण त्यात तीच मोठी दाढ उभी तडकते. जंतू मुळाशी पोचले की डोळ्याखाली सूज येते. अंगठ्याच्या नखाने दाबून खळगा पडत नसेल, ते चघळायला देऊ नका.

प्रश्न : माझा घोडा माथेरानला पर्यटक फिरवतो. चंदी (दाण्यांचा खुराक) भरपूर, जंताचं औषधही झालं, तरी अंग उतरतंय. – एक घोडेवाले

उत्तर : आधी दाढा बघून घ्या. घोड्याची दाढ वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर वर येते आणि चघळताना तेवढीच झिजते. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, म्हणून वरच्या दाढांची गालाकडची आणि खालच्यांची जिभेकडची कड झिजायची राहते, तिला धार चढते. चंदी जास्त आणि गवत कमी असेल तर जबडा आडवा कमी फिरतो, धार लवकर येते. मग गाल कापतात आणि लगाम ओढला की घोडा मान झटकतो.

चघळलेल्या गवताचे गोळे खाली पडतात का, लिदीत अख्खे दाणे किंवा लांब काड्या दिसतात का, ते पाहा. गालावरून, बाहेरूनच, वरच्या दाढांवर हलकं दाबा. दुखत असेल तर घोडा डोकं मागे घेतो. तोंडात हात घालू नका.

डॉक्टर गुंगीचं इंजेक्शन देऊन, तोंड उघडं ठेवणारा साचा लावून कानशीने धार काढतात. हे वर्षातून एकदा करावं. दोन ते पाच वर्षांच्या घोड्याला सहा महिन्यांनी, कारण त्या काळात दुधाचे २४ दात बदलतात. फक्त धार काढायची, दाढ गुळगुळीत करायची नाही, नाहीतर गवत दळलंच जात नाही. गालाच्या जखमा भरेपर्यंत लगाम चढवू नका, चंदी भिजवून मऊ करून द्या.